बचावाचा म्होरक्या आधी कसा ओळखायचा?

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा हंगाम जानेवारीत संपतो. शेवटच्या वर्षाची मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यांतली काही व्यावसायिक संघांत जातात, आणि विद्यापीठाच्या गावात एक प्रश्न सुरू होतो तो थेट ऑगस्टपर्यंत पुरतो : आता बचाव कोण सांभाळणार? आक्रमणाचा प्रमुख कोण, हे विचारावं लागत नाही. चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅकच तिथला प्रमुख. बचावाच्या अकरा जणांत मात्र अशी नेमून दिलेली गादी नसते. तिथला म्होरक्या घडावा लागतो, आणि कधीकधी त्या जागी चुकीचा खेळाडू बसवला जातो.

मुलांना भेटायला पर्ड्यूला, ॲन आर्बरला किंवा टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशनला गेलेले मराठी आईवडील एखादा सामना बघून येतात, तेव्हा त्यांनाही साधारण हाच प्रश्न पडलेला असतो. ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. तेवढ्या गोंगाटात एक पोरगा हातवारे करत बाकीच्या दहा जणांना काहीतरी ओरडून सांगतो आणि ते दहाही निमूटपणे जागा बदलतात. तो कोण? त्याचंच का ऐकतात? आणि पुढच्या वर्षी ती जागा कोणाची, हे आधी कळू शकतं का? बऱ्याच अंशी कळू शकतं, असं माझं ठाम मत आहे. फक्त बघायचं कुठे, हे ठाऊक हवं.

१. आधी मांडणी

मैदान १०० यार्ड लांब, शिवाय दोन्ही टोकांना १० यार्डांचे गोलपट्टे. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. १० यार्ड जमले की पुन्हा चार डाउन मिळतात, नाही जमले की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. एक तुकडी मैदानात असते तेव्हा दुसरी बाहेर बसलेली असते.

बचाव तीन रांगांत उभा राहतो. सगळ्यांत पुढे धिप्पाड खेळाडूंची आघाडीची फळी, तीन किंवा चार जणांची. त्यांच्या मागे चारेक पावलांवर लाइनबॅकर, दोन ते चार. आणि सगळ्यांत मागे चेंडू झेलायला धावणाऱ्यांना रोखणारे : कडेला कॉर्नरबॅक, मध्ये सेफ्टी.

ही विभागणी मुळापासून नव्हती. पूर्वी तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही. १९४५ साली मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी बलाढ्य आर्मी संघासमोर दोन स्वतंत्र तुकड्या उतरवल्या. १९५३ मध्ये बदली खेळाडूंचे नियम पुन्हा आवळले गेले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात ते कायमचे सैल झाले. नेब्रास्का विद्यापीठात बॉब डेव्हनी यांच्या काळात, १९६४ साली, सरावात पहिल्या फळीच्या बचावपटूंना काळे अंगरखे द्यायला सुरुवात झाली. तिथे आजही तो काळा अंगरखा कमवावा लागतो. तुकडी वेगळी झाली तशी तिला स्वतःचा अभिमान आला, आणि स्वतःच्या म्होरक्याची गरजही.

२. शेवटचे १५ सेकंद

एक डाव संपला की पुढचा सुरू करायला साधारण ४० सेकंद मिळतात. या वेळात बाहेर उभा असलेला प्रशिक्षक कोणती रचना लावायची ते कळवतो. पूर्वी हे हातांच्या खुणांनी किंवा चित्रांचे फलक दाखवून चाले. समोरच्याच्या खुणा चोरण्यावरून २०२३ मध्ये मिशिगनभोवती मोठं वादळ उठलं. २०२४ च्या हंगामापासून वरच्या गटातल्या कॉलेज संघांना आक्रमणाच्या एका आणि बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायची परवानगी मिळाली. त्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला हिरवा ठिपका असतो. एका वेळी एका बाजूचा असा एकच खेळाडू मैदानात असू शकतो.

आता यातली महत्त्वाची मेख. घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. खरी लबाडी सुरू होते ती त्यानंतरच. आक्रमणाचे खेळाडू जागा बदलतात, एखादा आडवा धावत दुसऱ्या टोकाला जातो, क्वार्टरबॅक काहीतरी ओरडून मूळ बेत फिरवतो. प्रशिक्षकाने २० सेकंदांपूर्वी सांगितलेली रचना आता चुकीची ठरलेली असते. ती दुरुस्त करायची कोणी?

एक डाव जवळून बघू. तिसरा डाउन आहे, ६ यार्ड हवे आहेत. आक्रमणाने उजवीकडे तीन झेलणारे उभे केलेत. मधला लाइनबॅकर, ज्याला सगळे ‘माइक’ म्हणतात, हात उंचावून ताकद कुठल्या बाजूला आहे ते ओरडतो. मागून सेफ्टी तेच शब्द परत ओरडतो, म्हणजे निरोप पोचला. तेवढ्यात त्या तिघांतला आतला खेळाडू डावीकडे सरकू लागतो. माइकची नजर त्याच्यावर नसते. ती समोरच्या फळीतल्या गार्डच्या जमिनीवर टेकलेल्या हातावर असते. बोटांवर भार आला आणि पेरं पांढरी पडली तर गडी पुढे मुसंडी मारणार, म्हणजे चेंडू घेऊन धावायचा बेत असण्याची शक्यता. भार मागे टाचांवर गेला तर फेकीचा. माइक आपल्या पुढच्या आघाडीच्या गड्याच्या कमरेवर थाप मारून त्याला अर्धं पाऊल सरकवतो. आघाडीच्या गड्याला मागे वळून बघता येत नाही, त्याची नजर चेंडूवर खिळलेली असते. म्हणून थाप. त्याच वेळी सेफ्टी दोन बोटं दाखवून कॉर्नरबॅकशी जबाबदारीची अदलाबदल करतो. मग चेंडू हलतो. एवढं सगळं सहासात सेकंदांत उरकलेलं असतं.

कबड्डी बघत वाढलेल्यांना हे चटकन उमजेल. चढाईपटू आत आल्यावर कोपरारक्षकाने पायाला झेप घेतली आणि साखळीतल्या मध्यरक्षकांनी त्याच क्षणी साथ दिली नाही, तर पकड सुटते आणि गुणही जातो. झेप कधी घ्यायची, हे सातांपैकी एकाच्या इशाऱ्यावर ठरलेलं असतं. बाकीच्यांनी तो इशारा तपासत बसायचं नसतं, मानायचा असतो. इथे सातांऐवजी अकरा आहेत आणि इशारा बदलायला कबड्डीपेक्षाही कमी सवड आहे.

तेव्हा म्होरक्याची माझी व्याख्या अशी : रेडिओ बंद झाल्यावर ज्याचा शब्द बाकीचे दहा जण शंका न घेता मानतात, तो.

३. कुठून दिसतं आणि किती वेळ दिसतं

या व्याख्येतून पहिली चाळणी आपोआप लागते. आघाडीच्या फळीतल्याला आजूबाजूचं फारसं दिसत नाही. कॉर्नरबॅक कडेला एकटा असतो, त्याचा आवाज मध्यापर्यंत पोचत नाही. संपूर्ण चित्र दोघांनाच दिसतं, मधल्या लाइनबॅकरला आणि सेफ्टीला. लाइनबॅकर जवळून बघतो, सेफ्टी लांबून. म्हणून बचावाचे बहुतेक म्होरके याच दोन जागांवरून निघतात.

दुसरी चाळणी लोकांच्या लक्षात येत नाही : तो सगळे डाउन खेळतो का? हल्ली आक्रमण फेकीवर इतका भर देतं की तिसऱ्या डाउनला बचावाचे संघ एखाद्या जाड लाइनबॅकरला बाहेर काढून पाचवा चपळ रक्षक आत आणतात. या रचनेला ‘निकेल’ म्हणतात. अमेरिकेतलं पाच सेंटचं नाणं ते निकेल, म्हणून पाचव्या रक्षकाला ते नाव. ज्या खेळाडूला नेमक्या कठीण क्षणी बाहेर बोलावलं जातं, तो कितीही चांगला असला तरी तिथे आवाज कोण देणार?

२०२१ च्या जॉर्जिया संघातला जॉर्डन डेव्हिस आठवा. सुमारे १५५ किलोचा, आघाडीच्या मध्यावरचा पहाड. त्या वर्षी बेडनारिक आणि आउटलँड ही दोन्ही मोठी पारितोषिकं त्याला मिळाली. पण फेकीची शक्यता असलेल्या डाउनला तो बऱ्याचदा बाहेर असे. त्या बचावाची ताकद त्याच्यात होती, आवाज दुसऱ्याचा होता.

४. नकोबे डीन

तो दुसरा म्हणजे मिसिसिपीतल्या हॉर्न लेक गावचा लाइनबॅकर नकोबे डीन. उंची सहा फुटांना कमी, शिकायला मेकॅनिकल इंजिनीअरिंग. शालेय स्तरावरचं बटकस पारितोषिक त्याला मिळालं होतं आणि २०२१ मध्ये कॉलेज स्तरावरचंही मिळालं. देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला दिलं जाणारं हे पारितोषिक १९८५ पासून चालत आलंय.

त्या वर्षी जॉर्जियाने नियमित हंगामातले बाराही सामने जिंकले. मग ४ डिसेंबरला विभागीय अंतिम सामन्यात अलाबामाने त्यांना ४१-२४ असं झोडपलं. अलाबामाच्या ब्राइस यंगने एकट्याने ४२१ यार्डांच्या फेकी केल्या. वर्षभर अभेद्य म्हणवलेला बचाव एका संध्याकाळी उघडा पडला. असा बचाव दोन वाटांनी जाऊ शकतो. एकमेकांवर बोट दाखवायला लागला की संपलं, नाहीतर एकजुटीने सावरतो. जॉर्जियाचा सावरला. जॉर्जियाने आधी मिशिगनला ११ गुणांवर रोखलं आणि १० जानेवारी २०२२ ला, जेमतेम पाच आठवड्यांनी, त्याच अलाबामाला १८ वर अडवून ३३-१८ ने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. जॉर्जियाचं आधीचं विजेतेपद १९८० च्या हंगामातलं होतं.

पुढचा तपशील मला फार बोलका वाटतो. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा जॉर्जियाच्या त्या बचावातले पाच जण पहिल्याच फेरीत गेले. ट्रॅव्हॉन वॉकर तर सगळ्यांत पहिला. डीनचं नाव तिसऱ्या फेरीत, ८३ व्या क्रमांकावर आलं. उंची कमी आणि दुखापतीची शंका, ही कारणं सांगितली गेली. म्हणजे अकरांत सर्वांत मौल्यवान शरीर त्याचं नव्हतं, हे बाजाराने लेखी दिलं. तरीही बचावाची रचना लावत होता तोच. म्होरक्या शोधताना भावी कमाईची यादी घेऊन बसणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावं.

५. आकडे कुठे चकवतात

चाहते म्होरक्या शोधायला आधी टॅकलचा तक्ता उघडतात. टॅकल म्हणजे चेंडू नेणाऱ्याला धरून जमिनीवर पाडणं. बॉस्टन कॉलेजच्या ल्यूक कीकलीने २०११ मध्ये १२ सामन्यांत १९१ टॅकल केले, म्हणजे सामन्याला जवळपास १६. देशात पहिला क्रमांक, बटकस पारितोषिकही त्याचंच. आणि त्याचा संघ? चार विजय, आठ पराभव. कीकली अस्सल होता, पुढे व्यावसायिक खेळात तो २०१३ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण त्या आकड्यात त्याच्या गुणांइतकाच वाटा या गोष्टीचा होता की संघाचा बचाव खूप वेळ मैदानात अडकून पडत असे. बचाव जितका दुबळा तितकी टॅकलची संधी जास्त, हे गणित विसरू नये.

उलट बाजूही आहे. नोटर डेमचा मँटाय टेओ २०११ नंतर व्यावसायिक खेळात जाऊ शकत होता. तो शेवटच्या वर्षासाठी थांबला. २०१२ मध्ये लाइनबॅकर असून त्याने सात वेळा फेक मध्येच झेलली, संघाने नियमित हंगामातले १२ च्या १२ सामने जिंकले, आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीसाठी तो दुसरा आला. निव्वळ बचावपटूला हा मान क्वचितच मिळतो. मग अंतिम सामन्यात अलाबामाने त्यांना ४२-१४ ने हरवलं. समोरची फळी सगळ्या जागांवर वरचढ असेल तर म्होरक्या एकटा पुरत नाही.

६. प्रशिक्षक नसतात तेव्हा

आता मुख्य मुद्द्यावर येतो. म्होरक्या सप्टेंबरमध्ये ठरत नाही. तो जानेवारी ते जुलै या काळात ठरतो आणि ज्याला ओळखायचाय त्याने तिथे बघावं.

नियमांनी प्रशिक्षकांचे हात बांधलेले आहेत. हंगामात आठवड्याला २० तास आणि हंगामाबाहेर ८ तासच सक्तीचा सराव घेता येतो. वसंतातल्या सरावाची सत्रं फक्त १५. उरलेलं काम मुलांनी आपापसांत करायचं असतं. उन्हाळ्यात सात विरुद्ध सात असा सराव होतो, तो खेळाडूच चालवतात. पहिल्या वर्षाच्या गोंधळलेल्या पोराला रचना कोण समजावतो? सराव ठरवून लावणारा आणि उशिरा येणाऱ्याला खडसावणारा कोण? आणि स्वतः आदल्या आठवड्यात खडसावून घेतलेलं मुकाट्याने ऐकलं होतं का? या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्याच्यावर पैसे लावायला हरकत नाही.

व्हर्जिनिया टेकचे बचाव प्रशिक्षक बड फॉस्टर यांनी ही गोष्ट एका डब्यात बसवली. १९९५ पासून त्यांच्या बचावाचं चिन्ह म्हणजे कोळसा खाणीतल्या कामगाराचा जुना, ठोकलेला जेवणाचा डबा. तो सांभाळायचा मान बचावपटूंना मिळे आणि तो मेहनतीने मिळवावा लागे. फॉस्टर २०१९ पर्यंत त्या पदावर होते.

मिशिगनचा माइक सेनरिस्टिल हे या कसोटीचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण. हैतीत जन्मलेला, मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेला हा मुलगा २०१९ मध्ये आक्रमणातला झेलणारा म्हणून आला. तीन वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याला बचावात हलवलं गेलं, निकेलच्या जागेवर. दुसरा एखादा रुसला असता. त्याने झेलणाऱ्यांची धावण्याची वळणं आतून ओळखीची असल्याचा फायदा उठवला. २०२३ मध्ये तो संघाचा एक कर्णधार होता. ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या काही मिनिटांत, त्यानेच फेक मध्ये झेलून ८१ यार्ड पळवत नेली. मिशिगन ३४-१३ ने जिंकलं. त्याला दोन्ही बाजू कळत होत्या आणि संघासाठी स्वतःची जागा सोडलेली सगळ्यांनी पाहिली होती. अशा खेळाडूचा शब्द खाली पडत नाही.

७. बाहेरून आलेले

२०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची खुली नोंदवही सुरू झाली. तिला ‘ट्रान्सफर पोर्टल’ म्हणतात. २०२१ पासून पहिल्यांदा बदली घेणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसायची अट राहिली नाही आणि त्याच वर्षी १ जुलैपासून स्वतःच्या नावावर, प्रसिद्धीवर पैसे कमवायची मुभाही मिळाली. परिणामी, तयार झालेला म्होरक्या निघून जातो आणि तयार झालेला दुसरा विकत मिळतो, असं वाटू लागलं.

अर्धं खरं आहे. अनुभव बाहेरून आणता येतो. विश्वास मात्र इथेच, त्याच व्यायामशाळेत कमवावा लागतो. म्हणून नवा आलेला जानेवारीत आला की जूनमध्ये, हे मी पहिल्यांदा बघतो. जानेवारीत आलेल्याला हिवाळ्याचा व्यायाम, वसंताची १५ सत्रं आणि संपूर्ण उन्हाळा मिळतो. जूनमध्ये आलेल्याला पहिल्या सामन्यापर्यंत तीन महिनेही मिळत नाहीत.

८. एक हिशेब करून पाहू

एक काल्पनिक संघ घेऊ. गेल्या वर्षीचा म्होरक्या पदवी घेऊन गेला. बचावाला सामन्यात ६५ डाव खेळावे लागतात असं धरू, म्हणजे १२ सामन्यांत ७८०. उमेदवार चार.

पहिला, चौथ्या वर्षाचा आघाडीचा खेळाडू. गेल्या वर्षी क्वार्टरबॅकला ११ वेळा पाडलं, वर्तमानपत्रांत फोटो त्याचाच. पण दमछाक टाळण्यासाठी त्याला आलटून पालटून खेळवतात, सामन्याला ४२ डाव.

दुसरा, तिसऱ्या वर्षाचा लाइनबॅकर, टॅकलमध्ये संघात पहिला. तिसऱ्या डाउनला मात्र बाहेर जातो. सामन्याला ३८ डाव, हंगामात ४५६.

तिसरा, तिसऱ्याच वर्षाचा सेफ्टी. दोन वर्षं सुरुवातीपासून खेळतोय, सामन्याला ६३ डाव, हंगामात ७५६. बोलतो कमी, मुलाखतीत तर जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यातला सराव तोच लावतो.

चौथा, जानेवारीत दुसऱ्या विद्यापीठातून आलेला लाइनबॅकर. तीन वर्षांचा अनुभव, आवाज खणखणीत, सगळे डाउन खेळू शकेल असा.

पहिल्याचं नाव पोस्टरवर राहील आणि ते रास्तच आहे. त्याच्या जागेवरून मैदान दिसत नाही, म्हणून त्याला मी बाजूला ठेवतो. दुसरा आणि तिसरा यांच्यात हंगामाला ३०० डावांचा फरक आहे, आणि त्या ३०० डावांतले बरेच नेमके तिसऱ्या डाउनचे, सामना फिरवणारे. चौथ्याला हिरवा ठिपका मिळण्याची शक्यता मोठी, कारण प्रशिक्षकाचा निरोप मधून सांगणं सोयीचं असतं. पण रेडिओ बंद पडल्यावर, सप्टेंबरच्या पहिल्या अवघड तिसऱ्या डाउनला, बाकीचे नऊ जण नजर वळवतील ती सेफ्टीकडे. माझं मत तिसऱ्याला. चौथा ऑक्टोबरपर्यंत त्याच्या बरोबरीला येऊ शकतो, आणि तसं झालं तर तो बचाव खरोखर अवघड होईल, कारण मधून आणि मागून असे दोन आवाज एकच गोष्ट सांगत असतील.

ऑगस्टअखेर हंगाम सुरू होतो. पुढचा सामना बघाल तेव्हा तिसऱ्या डाउनला चेंडूवरची नजर काढा आणि घड्याळात १५ सेकंद उरल्यापासून बचावाच्या मधल्या लाइनबॅकरकडे आणि त्याच्या मागच्या सेफ्टीकडे बघा. कोण बोलतोय यापेक्षा कोणाच्या बोलण्यावर बाकीचे हलतायत, ते मोजा. दोन सामन्यांत तुम्हाला नाव सापडेल.